समुद्राला टाकलेला पैसा

परभणीत घरात समुद्र पाळणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते मला आता पाठ झालं आहे. आमच्या बैठकीत काचेची टाकी आहे. टाकीत मीठ कालवलेलं पाणी, दोन नारंगी मासे, काही गोगलगायी आणि एक जिवंत पोवळं. पोवळं म्हणजे इकडे अंगठीत बसवायचा खडा. तो जिवंत असतो, त्याला हिरवी बोटं फुटतात आणि ती पाण्यात डुलतात, असं सांगितलं की पाहुणा आधी माझ्याकडे बघतो आणि मग सहानुभूतीनं बायकोकडे.

बायकोला ती सहानुभूती आवडते आणि तिचा तो हक्कही आहे. उन्हाळ्यात आमचा एकुलता एक एसी टाकीपाशी चालतो, माणसं आतल्या खोलीत कूलरसमोर झोपतात. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी टाकीचा पंप, मग पंखा. एकदा ती पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा तांब्या टाकीशेजारी ठेवून गेली, तर मी घर डोक्यावर घेतलं होतं. तांब्याचा अंश पाण्यात उतरला तर पोवळं जगत नाही, यावर तिला उभ्या उभ्या व्याख्यान दिलं.

त्यामुळे यंदा दिवाळीनंतर पोवळं मलूल पडलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हे गेलं की टाकी विकायची. तिथं दिवाण टाकू."

मी तावातावानं "विकू!" म्हणालो आणि फसलो. आता पोवळं गेलं की समुद्रही जाणार होता.

लक्षणं वाईट होती. पोवळ्यानं बोटं आत ओढून घेतली, बुडाशी कातडी मागे सरून पांढरं हाड दिसू लागलं. मी तपासणीच्या बाटल्या काढून बसलो. इतके थेंब टाका, हलवा, रंग जुळवा. मीठ बरोबर, तापमान बरोबर, चुना बरोबर. माझ्या रक्ताचीही कधी इतकी तपासणी झालेली नाही. मग गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या. मासे तेवढे वऱ्हाड्यांसारखे मजेत होते.

आजाऱ्याला बघायला जायची आपल्याकडे रीतच आहे, आणि आजारी कोण आहे याला फारसं महत्त्व नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर खतं-औषधं विकणारे शेजारी आले. त्यांनी काचेला नाक लावून निदान केलं, "कपाशीवर असंच येतंय. अन्नद्रव्य कमी पडायलंय. एक फवारा मारा, माझ्याकडं हाय." ऑफिसातले सहकारी स्वतःच्या बोटातलं पोवळं दाखवत म्हणाले, "मंगळ हाय हो तुमचा. तुमाला पोवळं लाभतच न्हाई." फोनवरच्या मत्स्यप्रेमी मंडळींनी एकमुखानं पाणी बदलायला सांगितलं. ते प्रत्येक रोगावर हेच सांगतात. मी थोडं बदलत होतो, पण उपयोग दिसत नव्हता.

सल्ला न देणारं माणूस घरात एकच होतं, माझ्या सासूबाई. त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ताडकळसहून आल्या होत्या. काळा चष्मा लावून त्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसायच्या, जाता-येता हात जोडायच्या. घरात माझ्या बाजूनं कोणीतरी आहे, या विचारानं मला बरं वाटायचं.

शेवटी पोवळ्याची जागा तरी बदलून बघू म्हणून एका सकाळी मी त्याच्यामागचा दगड उचलला. खाली वाळूत पैसे होते. जुने, जाड, तांब्याचे ढब्बू पैसे, हिरवे पडलेले. एकाला कुंकू अजून चिकटून होतं.

मी ओला हात घेऊन सासूबाईंपुढे उभा राहिलो. "हे कुणी टाकलं?"

"मीच की," त्या सहज म्हणाल्या. "गोदागंगेच्या पुलावरून एसटी गेली तरी आपण पैसा टाकतो. हितं तर समुंदर. दर्शन घ्यावं अन् रिकाम्या हातानं उठावं व्हय?"

"पण एवढे?"

"पयला दर्शनाचा. बाकीचे पोवळ्यासाठी. सुकायलंय म्हणून रोज बघवंना, मग टाकायचे एकेक." म्हणजे रोग वाढला की उपचार वाढत होता आणि उपचार वाढला की रोग.

माझ्या आत विजयाचा बँडबाजा सुरू झाला. निर्दोष! गुन्हेगार सापडला आणि तोही बायकोच्या माहेरचा! आता दिवाण कुठला अन् काय कुठलं. मी बायकोला हाक मारायला तोंड उघडलं.

"जलमात समुंदर बघितला न्हाई, जावईबापू," सासूबाई पुढं म्हणाल्या. "डोळ्याची पट्टी निघाली अन् पयलं नीट दिसलं ते तुमचं पोवळं. लय देखणं. त्येला काई होऊ नये, बस."

मला त्यांची फार माया वाटली. असं लिहायला संकोच वाटतो, पण वाटली. बँडबाजा बंद झाला. "आता पुरे झाले," एवढंच मी म्हणालो. "समुद्राला पोचले."

मग निमूटपणे तांबं ओढणारा कोळसा फिल्टरमध्ये भरला, दगड घासले, बादल्यांनी पाणी बदललं. नाणी धुऊन देव्हाऱ्यात ठेवली. काही आठवडे गेले आणि पोवळ्यानं एकेक करून बोटं बाहेर काढली.

"बघा, पैसा लागू पडला!" सासूबाईंनी हे ताडकळसला फोन करून कळवलं. बायको माझ्या बाटल्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "एवढे रंग जुळवले, शेवटी आईच कामी आली."

"हो ना," मी म्हणालो. ते गिळायला खूप जड गेलं.

जाताना सासूबाईंनी फडक्यात बांधलेले आणखी ढब्बू पैसे माझ्या हातावर ठेवले. दर पुनवेला एक टाकायचा, आणि तांब्याचाच. तेव्हापासून पौर्णिमेला फोन येतो, "टाकला का?" मी टाकीकडे पाठ करून "टाकला" म्हणतो आणि पैसा देव्हाऱ्यात ठेवतो.

गेल्या पौर्णिमेला मी फोन ठेवला तर मागे बायको उभी. देव्हाऱ्यातल्या ढिगाकडे बघत म्हणाली, "तांब्या ठेवला म्हणून माझ्यावर केवढे वरडले होते तुमी. आईवर का न्हाई वरडले?"

तिला कधीपासून कळलं होतं, देव जाणे. मी म्हणालो, "त्या पाहुण्या."

दिवाणाचा विषय मात्र तिनं पुन्हा काढला नाही. परवा पुन्हा पौर्णिमा होती. फोन वाजला, मी उठायच्या आत तिनं उचलला आणि ऐकू आलं, "टाकला गं आई. आज मीच टाकला."