दिपमालाने फोडलेला नारळ

दिपमाला पाटीलबरोबर काम करायचं म्हणजे आधी तिची बोलणी खायची तयारी ठेवायची. मी हितेंद्र, गाव नशिराबाद, अहिराणी फिल्मांचा आणि लग्नांचा कॅमेरावाला. आमच्या धंद्यात कॅमेरावाल्याचा रुबाब फार. नवरदेवालाही आम्ही 'मान वर करा' म्हणून दटावतो. पण धुळ्याच्या देवपुरातून दिपमाला आपली काळी बॅग घेऊन आली की माझा सगळा रुबाब उतरतो. ती म्हणते, "हितेंद्रभाऊ, तुमचं चित्र मुकं आहे. ते बोलतं माझ्यामुळे." आणि बाई खरं बोलते, हाच तर ताप आहे.

ती आवाज पकडते. कॅमेऱ्याला स्वतःचा माईक असतो, पण त्याला समोरचा माणूस आणि गल्लीतलं कुत्रं सारखंच. म्हणून आवाज वेगळ्या यंत्रावर घ्यायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर चित्राला जोडायचा. जोडताना थोडं जरी पुढेमागे झालं, तरी माणूस तोंड मिटतो आणि मग त्याचा शब्द येतो. तसं होऊ नये म्हणून कॅमेऱ्यासमोर क्लॅपची पाटी वाजवतात. पाटी मिटलेली दिसते आणि 'टक्' ऐकू येतं. ती दोन ठिकाणं एकावर एक बसवली की पुढचं सगळं जुळतं. काम एवढंच. पण दिवसातून चाळीसदा पाटी वाजवायची म्हटली की भले भले कंटाळतात आणि 'राहू दे, नंतर बघू' म्हणतात. दिपमालाने हे वाक्य आयुष्यात उच्चारलेलं नाही.

एकदा आमच्याच गावात आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी घेत होतो. झोका बांधलेला, माहेरी आलेल्या लेकी जमलेल्या. दिपमालाने पाटी वाजवली आणि बायांना वाटलं, हिने ताल धरला! सगळ्यांनी एकसाथ टाळ्या सुरू केल्या. त्या टाळ्यांत पाटीची टक् कुठे हरवली, देवाला माहीत. मी कपाळावर हात मारला. दिपमाला हसली, झोक्याजवळ गेली आणि प्रत्येकीला पाटी हातात देऊन वाजवून बघायला लावली. अर्धा तास त्यात गेला. पण त्यानंतर त्या बायांनी अशी शिस्त पाळली की मीच चुकलो तर त्या मला ओरडायच्या. माणसांवर न चिडता त्यांना आपल्या कामात ओढून घ्यायचं, हे मला जन्मात जमलेलं नाही.

पण तिच्याविषयी लिहायचं ठरवलं ते झुलालनानांमुळे.

चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी दिपमालाचं माहेर. त्याच गावचे झुलालनाना वही गाणारे. ही लिहायची वही नव्हे. आमच्या खान्देशात डफावर देवीची कथा गातात, तिलाही वहीच म्हणतात. पुढे मुख्य गायक, मागे साथ धरणारे झिलकरी. नानांच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांची बायको भिकुबाई, गावाची अक्का, हिने दिपमालाला फोन केला.

"पोरी, यासना आवाज जाई राह्यना. तू आवाज धरस ना? मंग आते धर."

दिपमालाने मला फोन करून फक्त तारीख सांगितली. पैशाचं मीही विचारलं नाही.

मे महिना होता. चोपड्याचा मे ज्याने सोसला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. देवीच्या पाराजवळ मांडव घातला. मी दोन कॅमेरे लावले, एक लांबून सगळ्यांवर आणि एक जवळून नानांच्या चेहऱ्यावर. उन्हात कॅमेरा तापून बंद पडतो, म्हणून जवळच्या कॅमेऱ्याला कुलर लावला. दिपमालाने नानांच्या बंडीला माईक टोचला, पाटी वाजवली आणि नाना सुरू झाले.

काय तो आवाज! गाठ घेऊन गाणारा माणूस आहे असं कुणाला वाटलं नसतं. जरा खरखर होती, पण ती खरखर कथेला शोभत होती. मी डोळे पुसत होतो आणि लोकांना घाम पुसतोय असं दाखवत होतो.

आणि नेमका जवळचा कॅमेरा तापून बंद पडला.

ओला रुमाल टाकून मी तो पुन्हा चालू केला. पण आता त्याच्या नव्या चित्राला पाटी नव्हती. त्याच्या माईकमध्ये कुलरची घरघर सोडून काही नव्हतं. नानांच्या मिशा अशा दाट की ओठांवरून जुळवावं म्हटलं तर ओठ दिसायला हवेत! डफ वाजवणारा चौकटीबाहेर. म्हणजे इथून पुढचा नानांचा चेहरा आणि त्यांचा आवाज एकमेकांना परके. आणि उद्या तर नानांना दवाखान्यात भरती करायचं होतं.

मी दिपमालाला खुणावलं. थांबव म्हणावं, तर मांडलेली वही मधे थांबवत नाहीत. ते अशुभ समजतात. पाटी घेऊन पुढे जावं, तर वही चालू असताना देवीपुढे असंच कुणी जात नाही. जायचं तर काही वाहायलाच. दिपमालाने इकडेतिकडे पाहिलं. वही संपल्यावर फोडायचा नारळ ताटात होता.

ती उठली, कानावरचे हेडफोन तसेच, नारळ उचलला आणि नानांसमोर, माझ्या कॅमेऱ्याच्या बरोब्बर चौकटीत येऊन उभी राहिली. नारळ वर धरून मला दाखवला, मी चौकट दगडापर्यंत मोठी केली, आणि तिने तो दगडावर आपटला. खाड्! पाणी नानांच्या पायावर उडालं.

सगळा मांडव दचकला. आमच्याकडे बाया नारळ फोडत नाहीत, आणि वही पुरी व्हायच्या आधी तर पुरुषही फोडत नाही. मागे दोनचार म्हातारे उठायलाच लागले. पण नानांनी डफवाल्याला हाताने 'चालू दे' केलं आणि त्याच चालीवर तिथल्या तिथे रचून म्हटलं:

"पोरनी फोडं नारय, माय उनी दारे!"

पोरीने नारळ फोडला, देवीआई दाराशी आली. झिलकऱ्यांनी ती ओळ अशी उचलली की म्हातारे मुकाट खाली बसले. दिपमाला परत येऊन आपल्या यंत्रापाशी बसली. पुढे वही संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

ऑपरेशन झालं. नाना वाचले, आवाज गेला.

आम्ही वहीची तयार फिल्म घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि लावून दाखवली. नानांच्या गळ्याला पांढरं फडकं, मिशा दवाखान्यात काढलेल्या. चेहरा अगदी उघडा वाटत होता. नाना आपलाच आवाज ऐकत मान डोलवत होते. सगळं जुळलं होतं. नारळाचा 'खाड्' आणि त्याची दोन शकलं एका क्षणी आली, तेव्हा मी दिपमालाकडे कौतुकाने पाहिलं. तेवढ्यात नानांनी हात वर केला. थांबवा.

भिकुबाईने त्यांच्या बोटांच्या खुणा वाचल्या. "त्या म्हंतस, आठे एक कडी ऱ्हायी गई." नाना म्हणत होते, इथली एक कडी गायची राहून गेली.

दिपमालाचा चेहरा उतरला. तिच्यासाठी नवी ओळ रचण्याच्या भरात नाना खरी कडी विसरले होते. तिने जुळवाजुळव वाचवली आणि गाणं तुटलं. "नाना, माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. नानांनी नाही म्हणून मान हलवली. मग राहिलेली कडी म्हणायला तोंड उघडलं. फडक्यामागून नुसती हवा आली.

दिपमालाने बॅग उघडली आणि माईक भिकुबाईसमोर धरला. "अक्का, तुम्हाला येते ना ती कडी?"

"येस ते बठ्ठी वही येस व माय. पन बाया वही म्हंतीस का कधी?" बठ्ठी, म्हणजे सगळी वही तिला पाठ होती.

"म्हणा, अक्का."

भिकुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नानांनी मांडीवर थाप दिली आणि ताल धरला. मी कॅमेरा नानांच्या चेहऱ्यावर लावला. का लावला, ते आजही सांगता येणार नाही. भिकुबाई गायली:

"माय तुना डोंगर उच्चा, मना पाय थकनात व..."

आणि नाना ओठ हलवत होते.

एकाच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घालणं दिपमालाच्या लेखी मोठं पाप. अशी कामं तिने कितीतरी परत पाठवली आहेत. नशिराबादला आल्यावर मात्र ती स्वतः कॉम्प्युटरपाशी बसली. पाटी वाजवायची ती त्या दिवशी विसरली होती. नानांच्या मांडीवरची पहिली थाप धरून तिने आवाज जोडला आणि ती ओळ परत परत लावली. नानांचा ओठ उघडे तेव्हाच भिकुबाईचा शब्द निघे. श्वास घ्यायलाही दोघं एकाच जागी थांबलेली. कुठे केसभर सरकवावं लागलं नाही. दिपमाला कानावरचं काढून ढसाढसा रडली. मी या वेळी घामाचं नाव सांगितलं नाही.

आता गावात देवीपुढे ती वही पडद्यावर लावतात. त्या कडीला नाना बायकोच्या आवाजात गातात आणि अख्ख्या पारावर कुणी हसत नाही. भिकुबाईला मात्र लाज वाटते. कडी जवळ आली की ती पदर सावरून उठायला लागते, आणि नाना तिचा हात धरून तिला खाली बसवतात.