कपाट त्याने उघडलं होतं

गल्लीच्या तोंडाशी, इस्त्रीवाला आणि झेरॉक्सवाली यांच्या मधल्या चार फुटांच्या जागेत जो माणूस गेली सत्तावीस वर्षं किल्ल्या घासत बसलाय, त्याला दोन नावं आहेत. दुकानात तो किल्लीवाला. मैदानात भोंगा. पहिलं नाव पोटासाठी, दुसरं हौसेचं. दुकानात हा माणूस इतकं हळू बोलतो की गिऱ्हाइकाला पुढे वाकून ऐकावं लागतं. आणि हॉकीच्या मैदानात, पूर्वेकडच्या गॅलरीत तोच उभा राहून 'अरे, मागे बघ, मागे' असं ओरडला, की खेळाडू राहू देत, पंचसुद्धा मागे बघतात.

दुकानात त्याच्या पाठीमागे प्लायवूडची एक फळी आहे. तिच्यावर खिळे ठोकून गल्लीतल्या लोकांच्या जादा किल्ल्या टांगलेल्या असायच्या. किल्ली हरवली, आत राहिली, पोरांनी कुठे टाकली, तर धावाधाव नको म्हणून लोक एक किल्ली याच्याकडे ठेवून जायचे. सत्तरेक तरी असतील. एकीवरही नाव नाही की नंबर नाही. कुठली कुणाची हे फक्त याच्या डोक्यात. त्याबद्दल तो कधी काही घ्यायचा नाही आणि लोकही विचारायचे नाहीत, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

हे काम त्याला चुलत्यांनी शिकवलं. चुलते तसे तापट, कानस वेडीवाकडी चालली तर डोक्यात टपली मारायचे. पण त्यांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती. कुलूप उघडलं की आपलं काम संपलं. आत काय आहे ते मालकाचं, आपण तोंड फिरवायचं. ते याच्या इतकं अंगात मुरलं, की कुलपाच्या आतला लिव्हर हलल्याचा आवाज कानावर पडला की मान आपोआप भिंतीकडे वळते. मग मालक 'झालं' म्हणेपर्यंत हा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा. बायको म्हणते, घरचं कपाट उघडतानाही यांची मान वळते, म्हणून घरात काय संपलंय ते यांना कधी कळत नाही.

आता संघाविषयी. संघ आठ वर्षं हरत होता. म्हणजे मधूनमधून जिंकायचाही, पण ते समोरच्यांच्या चुकीने. व्यवस्थापनाने आठ वर्षांत तीन प्रशिक्षक बदलले, दोनदा जर्सीचा रंग बदलला, एकदा तर मैदानाच्या फाटकाची दिशासुद्धा बदलली. स्वतःची खुर्ची तेवढी कुणी बदलली नाही. प्रत्येक हंगामाच्या शेवटी पत्रक निघायचं, 'आम्हाला खेद आहे.' कुणाला आहे, कशाचा आहे, ते खाली लिहिलेलं नसायचं.

त्या सगळ्या पडझडीत उभा होता एकटा गोलकीपर. अकरा वर्षं तोच. तो काही फार मोठा खेळाडू होता असं नाही. पेनल्टी कॉर्नरला डावीकडचा चेंडू त्याच्या हातून निसटायचा, हे गॅलरीला पाठ होतं. पण सामना हरला की बाकीचे खाली मान घालून आत पळायचे, आणि हा हेल्मेट काढून गॅलरीसमोर येऊन उभा राहायचा. शिव्या ऐकायला. पाच मिनिटं ऐकायचा, मग मान हलवून आत जायचा. लोक त्याला शिव्या देऊन घरी जायचे आणि पुढच्या सामन्याला परत यायचे, ते त्या पाच मिनिटांच्या जोरावर.

यंदा हंगामाआधी कुणकुण लागली की गोलकीपरला विकणार. गॅलरीने एका सुरात सांगितलं, तो जाणार असेल तर यंदा हंगामाचा पास कुणीच घ्यायचा नाही. भोंग्याच्या शेजारी बावीस वर्षं बसणारे मास्तर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, ते तर म्हणाले, "मी घरी बसून भिंत बघेन. ती हरत तरी नाही."

अशात एक दिवस दुपारी क्लबच्या ऑफिसातून भोंग्याला बोलावणं आलं. मॅनेजरच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडत नव्हतं, किल्ली हरवली होती. सत्तावीस वर्षं ज्या इमारतीकडे बाहेरून बघितलं, तिच्या आत जायचं म्हणून हा गडी शर्ट बदलून गेला. कपाट जुनं होतं, लिव्हर गंजलेले. गुडघ्यावर बसून अर्धा तास खटपट केली तेव्हा कुठे आतून तो ओळखीचा आवाज आला. भोंगा उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर संघाचा जुना फोटो होता, त्यात गोलकीपर मागच्या रांगेत.

मॅनेजर पाठीमागे फायली उपसत होता. कागद सळसळत होते. भोंग्याला राहवलं नाही.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा की."

"गोलकीपर राहतोय ना?"

"तो कुठे जातोय?" मॅनेजर म्हणाला. "तुमच्या लोकांना सांगा, निश्चिंत राहा म्हणावं."

मग "झालं" म्हणाला. भोंगा वळला. कपाट बंद होतं आणि मॅनेजरच्या हातात एक निळी फाईल होती.

भोंगा तरंगत घरी आला. त्याने गल्लीत सांगितलं, गॅलरीत सांगितलं, इस्त्रीवाल्याला दोनदा सांगितलं. खुद्द मॅनेजर बोलला, माझ्या कानांनी ऐकलं. आणि लोकांनी पास घेतले. क्लबच्या पत्रकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो ज्याच्याकडे घरची किल्ली ठेवतो त्याच्यावर. मास्तरांनीही घेतला. म्हणाले, "तू म्हणतोस म्हणून."

पहिल्या सामन्याला गोलमध्ये भलताच माणूस उभा होता. उंच, चांगला दिसायला, कुणाच्या ओळखीचा नाही. सगळे भोंग्याकडे बघत राहिले आणि भोंगा गोलकडे.

दुसऱ्या दिवशी पेपरात मॅनेजरची मुलाखत आली. गोलकीपरचा व्यवहार कधीच ठरला होता, सह्याही झाल्या होत्या. आणि मग गंमत म्हणून पुढचं सांगितलेलं. सह्यांचे कागद कपाटात, कपाटाची किल्ली हरवलेली, आणि कागद पोचवायची मुदत त्याच संध्याकाळची. 'शेवटी किल्लीवाल्याला बोलावलं. तो वेळेवर आला म्हणून निभावलं.' मुलाखतीबरोबर हसरा फोटो.

शहरात किल्लीवाले ढिगाने असतील. पण शर्ट बदलून क्लबच्या ऑफिसात जाऊन आलेला एकच होता, आणि त्यानेच ते गावभर सांगितलं होतं.

"फाईल तुझ्या नाकासमोर होती," इस्त्रीवाला म्हणाला.

"तीत काय आहे ते मी पाहिलं नाही."

"कपाट तू उघडलंस."

"उघडलं. पण मी तोंड फिरवलं होतं."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. संतापून बघितलं असतं तर भोंग्याने निभावून नेलं असतं. पण तो हसला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती मला आजही टोचते. गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येकाचं कपाट कधी ना कधी या माणसाने उघडलं होतं. प्रत्येकाने त्याला भिंतीकडे तोंड करून उभं राहिलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे त्याच्या बाजूने साक्ष द्यायला सगळी गल्ली होती. पण लोकांचं डोकं उलटं चाललं. त्यांना वाटलं, तिथे याने पाहिलं आणि लपवलं, म्हणजे आमच्याकडेही सगळं पाहिलंच असणार. नुसतं सोंग करत होता.

मग किल्ल्या जायला लागल्या. पहिली झेरॉक्सवालीची. "भाऊ राहायला येतोय, त्याला एक लागेल," म्हणाली. तिला भाऊ नाही हे भोंग्याला माहीत होतं, त्याने किल्ली काढून दिली. कुणी म्हणालं कुलूप बदललंय, कुणी म्हणालं सहज. इस्त्रीवाल्याने कारण सांगितलं नाही. हात पुढे केला आणि म्हणाला, "दे." महिन्याभरात फळीवर खिळेच जास्त दिसायला लागले. बायको डबा घेऊन यायची, फळीकडे बघायची आणि डबा उघडून द्यायची. घरी एकदाच म्हणाली, "अहो, तुम्ही त्या मॅनेजरकडून लिहून तरी घ्या."

लिहून घ्यायची संधी चालून आली. सामन्यांना माणसं येईनात, तेव्हा व्यवस्थापनाला जाग आली आणि त्यांनी चाहत्यांची सभा बोलावली. हॉलमध्ये पांढरी कापडं घातलेल्या खुर्च्या, मागे भलामोठा फलक, 'तुमचा विश्वास, आमची जबाबदारी'. दारातच प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद. विश्वास परत मिळवण्यासाठी आम्ही काय करावं? खाली चौकोन, बरोबरची खूण करायची. मऊ खुर्च्या. मध्यंतरात संगीत. पार्किंग. खेळाडूंबरोबर फोटो. 'खरं बोलावं' असा चौकोन नव्हता, आणि स्वतःचं काही लिहायला ओळही सोडलेली नव्हती.

सगळी गॅलरी आली होती, मास्तरही. भोंगा माइकसाठी रांगेत उभा राहिला. आदल्या रात्री त्याने आरशासमोर उभं राहून चार वाक्यं पाठ केली होती. नंबर आला तेव्हा गॅलरीतला तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक, दुकानातलाच आवाज निघाला.

"साहेब, मला खुर्ची नको, गाणी नकोत. त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, गोलकीपर राहतोय ना. तुम्ही म्हणालात, तो कुठे जातोय. तेव्हा माझं तोंड भिंतीकडे होतं. एवढं या लोकांना सांगा. बाकी काही मागणं नाही."

मॅनेजरने डोळे बारीक करून बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने खरंच ओळखलं होतं.

"अरे, हे तर आपले किल्लीवाले," तो माइकवर म्हणाला. "मंडळी, त्या दिवशी हे नसते तर आपली पंचाईत होती. या, वर या. अशी जुनी माणसं हीच आपली ताकद."

कुणीतरी भोंग्याला दंडाला धरून वर नेलं. मॅनेजरने बाजूच्या बाईंच्या कानात काही सांगितलं, बाईंनी एक लिफाफा आणला, आणि मॅनेजरने जाहीर केलं की यांना क्लबतर्फे आजीव पास. पुढच्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्या रांगांत क्लबचीच माणसं होती. चारचौघांत कुणी काही पुढे केलं की आपण घेतो. भोंग्याने दोन्ही हातांनी घेतलं. वर मानही लववली, सवयीने. फोटो निघाला.

खाली आल्यावर त्याच्या लक्षात आलं की विचारलेल्याचं उत्तर मिळालं नाही. तो परत माइककडे गेला, पण माइक पुढे सरकला होता आणि एक गृहस्थ पार्किंगबद्दल बोलत होते. "साहेब, माझं राहिलं," तो म्हणाला. त्या बाई लगबगीने आल्या. "आपल्या भावनांची नोंद घेतली आहे," म्हणाल्या, आणि खुर्चीकडे हात केला. गॅलरीच्या लोकांनी त्याच्याकडे बघणं सोडून दिलं होतं. जे काही उरलंसुरलं कळायचं होतं, ते त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो लिफाफा परत करायला गेला. फाटकावरच्या वॉचमनने आत सोडलं नाही. काय सांगायचं ते फॉर्ममध्ये लिहा, म्हणाला. भोंग्याने लिफाफा फाटकाच्या आत टाकला आणि घरी आला. चार दिवसांनी तो कुरियरने परत आला, सोबत छापील चिठ्ठी, 'आपला पास कार्यालयात विसरला होता.' बायकोने चिठ्ठी वाचली आणि चुलीत घालावं तसं सगळं गॅसवर धरायला निघाली. भोंगा म्हणाला, "राहू दे. जाळलं तर म्हणतील, वापरायला लाज वाटली."

त्यानंतरच्या आठवड्यात, दुपारी, दुकानावर मास्तर आले. फळीवर तेव्हा तीन किल्ल्या होत्या, त्यातली एक त्यांची. भोंग्याने ती काढली आणि पुढे धरली.

"मी त्यासाठी नाही आलो," मास्तर म्हणाले. "ठेव ती तुझ्याकडेच."

सत्तावीस वर्षांच्या दुकानदारीत भोंगा गिऱ्हाइकासमोर कधी रडला नव्हता. त्याने स्टूल पुसून पुढे केलं. मास्तर बसले, इकडेतिकडे बघून घेतलं, इस्त्रीवाला आत गेलाय याची खात्री केली आणि हळू आवाजात बोलायला लागले.

"हे बघ, मी काही मनात धरलेलं नाही. बावीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलोय आपण. दिसली असेल तुला फाईल. मोठ्या माणसाने गप्प राहा म्हटलं, राहिलास. कुणीही राहिला असता. मी असतो तर मीही राहिलो असतो."

"मास्तर," भोंगा म्हणाला, "मी तोंड फिरवलं होतं."

"हो, हो."

"आईशप्पथ. भिंतीवर फोटो होता, तो बघत होतो."

"बरं, बरं. बघत होतास." मास्तरांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. चांगल्या मनाने थोपटलं, त्यात काही खोट नव्हती. "आता तो विषय नको. माझ्यापुरता तो संपला."

मास्तर उठले, दुकानाच्या पायरीवरून जपून उतरले आणि गेले. भोंग्याच्या हातात त्यांची किल्ली तशीच होती. ती त्यांनी नेली असती तर फार बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.