समाजशास्त्राचा वर्ग आमच्या घरी आला तेव्हा

"रोज आंघोळ करता का?"

मॅडमनी हे माझ्या आईला विचारलं. आमच्या घरात, आमच्याच पलंगावर बसून. आई दाराशी उभी होती. कॉलेजातल्या बाई येणार म्हणून तिने ठेवणीतली साडी नेसली होती.

"हो मॅडम," आई म्हणाली.

सोबत आलेल्या सगळ्या वर्गाने वहीत लिहून घेतलं.

मी तेव्हा मुलुंडच्या एका कॉलेजात एफवायला होते. विषय समाजशास्त्र. पहिल्याच तासाला मॅडम म्हणाल्या होत्या, रोजचं जग परक्या माणसासारखं बघा. कुटुंब, शेजार, धर्म, शाळा, सगळ्यांचे नियम असतात, आपण आत असतो म्हणून ते दिसत नाहीत. मला ते फार आवडलं. घरी येऊन आईलाही सांगितलं होतं. मग एकदा त्यांनी विचारलं, घाटकोपरला डोंगरावर कोण राहतं? वस्ती बघायला जाऊ. मी हात वर केला. वर्गात एकटीनेच. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

आई मोठ्या बिल्डिंगांमध्ये घरकाम करते. त्या दिवशी तिने खाडा केला. आलं घालून चहा टाकला. आणि दुकानातून कागदी कप आणले. घरात स्टीलचे पेले होते, घासून लखलखीत केलेले. मी म्हटलं, "हे कशाला गं?"

"आपल्या पेल्यातून न्हाई पिणार ती लेकरं," आई म्हणाली. अगदी सहज. ती काम करते त्या घरांत तिचा कप वेगळा असतो, खिडकीत पालथा घातलेला. मला ते लहानपणापासून माहीत होतं. पण हा एक नियम आहे आणि तो कुणीतरी केलाय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

कागदी कपातूनही कुणी प्यायलं नाही. "आत्ताच झाला, काकू." "मी चहा घेत नाही." एकीने कप घेतला आणि हळूच पायरीवर ठेवला. पिशव्यांतून पाण्याच्या बाटल्या निघाल्या. कुणीतरी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीचा फोटो काढला. मग एका मुलाने मला विचारलं, "तुम्ही लोक सण कुठले करता?" आदल्या दिवशी आम्ही दोघांनी एका वडापावात भागवलं होतं. तेव्हा त्याच्यासाठी मी 'तू' होते.

मी उत्तर दिलं. तोंड आपोआप बोलत होतं. आत काहीच वाटत नव्हतं, बधिर झालेल्या पायासारखं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "अपेक्षेपेक्षा बरीच स्वच्छता आहे हां." आई हसली. तिला ते कौतुक वाटलं.

सगळे गेल्यावर ती एकेक कप परत टोपात ओतत बसली. "जाऊ दे," म्हणाली, "मोठ्या घरची लेकरं." मला रडायचं होतं. आलं नाही. पुढचा आठवडा मी कॉलेजला गेले, आले, जेवले, झोपले. बस, एवढंच.

मग प्रेझेंटेशनचा तास आला. मार्क मॅडमच्या हातात. त्या म्हणाल्या, "तू सुरू कर. तुझी तर घरचीच माहिती."

मी उठले. म्हटलं, "मी आपल्या वर्गाचं निरीक्षण केलं."

दोघंतिघं हसले. मी बोलत राहिले. पाहुणे पलंगावर बसले, घरधनीण उभी राहिली. पाहुण्यांनी चहा घेतला नाही. का घेतला नाही, हे कुणाच्याच वहीत नाही. हा नियम आपल्याला कुणी शिकवला? घराने, शाळेने, की सोसायटीने?

"तू हे पर्सनली घेतेयस," मॅडम म्हणाल्या. "बस खाली."

मी बसले नाही.

"आईला विचारलंत ते पर्सनल नव्हतं का, मॅडम?"

मॅडमनी हजेरीची वही उघडली.

"पुढची भेट तुमच्या सोसायटीत ठेवू या," मी म्हटलं.

"तिथे परमिशन लागते."

"माझ्या आईची कुणी घेतली होती?"

त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

त्या विषयात मी काठावर पास झाले. शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "यार, विषय बदल ना. मॅडम आता तुझी वाट लावतील." लावू देत. विषय मी बदलला नाही. याच विषयात एमए करणार आहे. वही घेऊन मी मोठ्या बिल्डिंगांच्या गेटवर जाणार आहे. वॉचमन अडवेल, माहीत आहे. कुणाच्या सांगण्यावरून अडवतो, ते लिहीन. लिफ्टजवळचे 'नोकरांनी ही लिफ्ट वापरू नये' असले बोर्ड उतरवून घेईन, ते पाळणाऱ्यांचे आणि लावणाऱ्यांचे, दोघांचेही जबाब घेईन.

आणि आईने 'या' म्हटल्याशिवाय आमचा उंबरा कुणी ओलांडायचा नाही. मॅडमनीसुद्धा नाही.