ह्यांची झडप ह्यांचीच राहिली

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. ऑपरेशनच्या दारावरचं घड्याळ मी त्या दिवशी इतक्या वेळा पाहिलं, की त्याचे काटे अजून डोळ्यांपुढं आहेत. ह्यांना आत नेलं, दार लागलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

त्याला आता चार वर्षं झाली. दर वर्षी आम्ही कुरुंद्याहून शहरातल्या त्या मोठ्या दवाखान्यात इकोला, म्हणजे हृदय पडद्यावर बघायच्या तपासणीला जातो. बाकड्यावर तेव्हाचीच माणसं भेटतात. एकानं "आठवतं का" म्हटलं की दुसऱ्याला आणखी दोन गोष्टी आठवतात. अशा साठत साठत गाठोडंभर झाल्यात. वॉर्डातल्या शबानाभाभी म्हणाल्या, "तू लिख ना, तेरेको सब याद रहता." मी सातवी शिकलेली. जमेल तसं लिहिते.

आधी आजार सांगते. हृदयातून रक्त बाहेर नेणारी एक मोठी नळी असते. ह्यांची ती नळी मुळाशी फुगली होती. तिच्या तोंडाशी झडप असते, ती रक्त मागं येऊ देत नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "नळी काढून कापडाची बसवू. झडप चांगली असली तर तुमचीच ठेवू, नव्या नळीत शिवून. नाहीतर धातूची बसवावी लागेल. ते आत बघूनच ठरेल." मग म्हणाले, "हा आजार रक्तातून येतो, तुमच्यासारख्या उंच, लांब बोटांच्या घराण्यांत दिसतो. लेकरात उतरायची अर्धी शक्यता असते. मुलीची तपासणी करून घ्या."

आमची परी तेव्हा तीन वर्षांची होती. डॉक्टरांचं सगळं मी नीट ऐकलं. तेवढं शेवटचं ऐकलंच नाही असं केलं.

*

दुपारी डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली, घाम पुसला. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. डॉक्टर त्यांच्याकडं बघून हसत म्हणाले, "आजी, झडप वाचली."

आत्या उठल्या. म्हणाल्या, "ती वाचली तर बरंच झालं. माझं पोरगं कसं हाय?"

डॉक्टर तिथंच पायरीवर बसले आणि म्हणाले, "ते बी वाचलं, आजी."

*

वॉर्डात ह्यांच्या शेजारच्या खाटेवर गफूरभाई होते, वसमतचे टेलर, शबानाभाभींचे मालक. त्यांची झडप पार खराब झाली होती, म्हणून धातूची बसवलेली. ह्यांच्या अंगात कापडाची नळी आहे हे कळल्यापासून त्यांना चैन पडेना. राऊंडला येणाऱ्या डॉक्टर मॅडमला रोज विचारायचे, "कौनसा कपडा है?"

शेवटी मॅडमनी पेशंटला दाखवायचा एक तुकडा आणला. पांढरा, चुण्या पडलेला. गफूरभाईंनी तो बोटांत धरून चोळला, उजेडाकडं धरला, ताणून पाहिला.

"कपडा अच्छा है. सिलाई के पहले भिगाया था?"

मॅडम म्हणाल्या, "चाचा, ह्याला भिजवायची गरज नसते."

"ऐसा कैसा? बिना भिगाया सिलाए तो बाद में सुकडता."

मॅडमनी समजावलं, हे कापड आटत नाही. गफूरभाईंनी मान हलवली. पण मॅडम गेल्यावर ह्यांच्याकडं वाकून हळूच म्हणाले, "भाई, कहीं टाइट लगा तो बोलना."

*

त्या वॉर्डात आम्ही बारा दिवस होतो. आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण मला त्या दिवसांची आठवण येते. भाभींची ज्वारीची भाकर, माझ्या डब्यातला ठेचा, आणि मधल्या स्टुलावर चौघांचा एकच चहा. भीती बी चौघांत वाटली जायची.

पण भीतीनं मी एक येडेपणा केला. गफूरभाईंची धातूची झडप टिकटिक वाजायची. भाभी म्हणायच्या, "घडी है मेरी, आवाज आया की दिल को तसल्ली." मी ह्यांच्या छातीला कान लावला. काहीच टिकटिक नाही. दुसऱ्या दिवशी परत लावला. नाही.

मी पळत मॅडमकडं गेले. "मॅडम, ह्यांची झडप बंद पडली. चाचांची वाजून राहिली, ह्यांची वाजंना."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. "ताई, लग्न झाल्यापासून कधी वाजली होती का?"

"न्हाई."

"मग तीच आहे ती."

*

मेथीची गोष्ट सांगताना अजून मला लाज वाटते.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी भाभींनी मला बाजूला घेऊन बजावलं, "देख, पालक-मेथी बिलकुल नहीं. खून की गोली का असर कम होता." मी मनाशी गाठ बांधली. वर्षभर आमच्या घरात हिरवी भाजी शिजली नाही. डाळ, वांगी, बटाटा, परत डाळ. आत्या म्हणायच्या, "काहून गं, रानात मेथी वाळून चालली." मी म्हणायची, "झडपेला चालत न्हाई."

हे मुकाट्यानं खायचे. पण हळदीच्या रानात पाणी द्यायला गेले की दोन दोन तास यायचे नाहीत. म्हटलं, ओझं उचलायला बंदी आहे, माणूस करतोय काय तिथं? एकदा मीच गेले बघायला. हे शेजारच्या बांधावर बसून परक्याच्या डब्यातली मेथीची भाजी खात होते. मला बघून घास तोंडातच राहिला.

वर्षाच्या इकोला मी मॅडमकडं तक्रार केली. मॅडमनी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी ह्यांना दिलीच कुठंय? ती धातूच्या झडपेला लागते. ह्यांची स्वतःची आहे. बीपीची गोळी घ्यायची, जड उचलायचं नाही, वर्षाला इको. मेथी खा, पालक खा."

 बाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले, "तीनशे पासष्ट दिवस वांगं."

*

त्या इकोला मॅडमनी परीकडं पाहिलं. "हिचं कधी करायचं?"

मी म्हणाले, "पुढच्या वर्षी."

दुसऱ्या वर्षी परीला सर्दी होती. तिसऱ्या वर्षी शाळा बुडत होती. खरं सांगायचं तर तिचा फ्रॉक दर चार महिन्यांनी आखूड व्हायचा, आणि मी दर वेळी शिवण उसवून खाली सोडायची. वर्गात सगळ्यांत उंच. बोटं ह्यांच्यासारखी लांब. आत्या कौतुकानं म्हणायच्या, "बापावर गेली." ते ऐकलं की मी विषय बदलायची. जोवर तपासलं नाही तोवर तिला काही नाही, असं मी मनाशी धरून बसले होते.

यंदा मॅडमनी मला विचारलंच नाही. परीलाच म्हणाल्या, "येतेस का आत, बाबाची झडप बघायला?"

पडद्यावर झडप उघडत होती, मिटत होती. मॅडम म्हणाल्या, "चौथं वर्ष, रक्ताची गळती थोडीशीच, आहे तेवढीच आहे. मस्त." परी बघत राहिली. मग हे उठले तशी ती त्यांच्या जागेवर चढून आडवी झाली. "आता माझी."

मी दार धरून उभी होते. मॅडमनी बराच वेळ मापं घेतली.

"ताई, नळी थोडी रुंद आहे. झडप चांगली आहे. आता फक्त गोळी, आणि दर वर्षी इको. लवकर आलात ते बरं झालं. पुढं ऑपरेशन लागलंच, तर झडप ताणून खराब व्हायच्या आत करता येईल. मग हिची हिचीच ठेवता येईल."

मी रडायला लागले. परी छातीवरची जेली पुसत म्हणाली, "आई, थंड अस्ती, बस. दुखत न्हाई."

लवकर आलात, म्हणाल्या. मी तीन वर्षं वाया घालवली होती.

*

आता शेवटची. पुसेगावला ह्यांचे चुलतभाऊ मारोतीभाऊजी राहतात. ह्यांच्या भावकीत माणसं इतकी उंच, की लग्नाचा मांडव बांधायला स्टूल लागत नाही. पंचक्रोशीतून बोलावणं येतं. त्यातले दोघं चाळिशीत बसल्या जागी गेले. एक माझे सासरे, दुसरे मारोतीभाऊजींचे वडील. नजर लागली असंच सगळे समजायचे.

ह्यांनी चार वर्षं सगळ्यांना सांगितलं, इको करा. मारोतीभाऊजी म्हणायचे, "तुमी काय दवाखान्याला माणसं पुरवायचा ठेका घेतलाय? मला काय धाड भरली?"

परीच्या इकोनंतर पुसेगावात लग्न निघालं. भाऊजी हात वर करून मांडवाला दोर आवळत होते. परी खाली जाऊन उभी राहिली.

"काका, माझी नळी रुंद निघाली."

भाऊजी दोर आवळतच राहिले.

"मी रडले न्हाई. आई रडली."

"बरं केलंस. बाजूला हो, बांबू पडंल."

"तुमी रडताल म्हणून जात न्हाई का?"

खालचे पाव्हणे हसले. भाऊजी हसले नाहीत. दोराची गाठ बांधली, सोडली, परत बांधली.

चार दिवसांनी सकाळी मी अंगण झाडत होते. फाटकाशी मारोतीभाऊजी उभे. इस्त्रीचे पांढरे कपडे, मागं दोन्ही पोरं, तीही तेवढीच उंच. तिघंही चपला काढून उभे.

मी म्हणाले, "या ना भाऊजी. हे आत हायेत. बोलावू?"

"त्याला राहू दे," भाऊजी म्हणाले. "परी उठली का? तिला आमच्या संगं धाड."

*

हे वाचणाऱ्यांना एकच विनंती. तुमच्या नात्यात कुणी असं उंच, लांब बोटांचं असेल, घरात कुणी तरणंताठं अचानक गेलेलं असेल, तर त्यांना एकदा इको करायला सांगा. आणि त्यांनाही म्हणावं, पुढं सांगा.