पंचेचाळीस किलोच्या आत

आमच्या तळघराच्या दाराशी आता वजनकाटा आहे. येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याच्यावर उभा राहतो. देझो बाची त्या वेळी काट्याकडे बघत नाहीत आणि पाहुण्याकडेही बघत नाहीत. ते हेल्मेटांच्या फळीकडे तोंड करून उभे असतात आणि आकडा मी वाचतो.

पूर्वी काटा नव्हता. पूर्वी देझो बाची होते.

केंदेरेशी देझो. बाची म्हणजे काका, सगळे त्यांना तसंच म्हणतात. बुडापेस्टच्या मोठ्या मंडईत तीस वर्षं त्यांचं मांसाचं आणि सॉसेजचं दुकान होतं. गिऱ्हाईक बाई वीस देका, म्हणजे दोनशे ग्रॅम, मागायची. देझो बाची सुरी चालवायचे, तुकडा काट्यावर पडायचा आणि काटा वीसवर थांबायचा. "बावीस झाले, चालतील ना?" हा शहरातल्या सगळ्या खाटकांचा लाडका प्रश्न. देझो बाचींनी तो कधी विचारला नाही. पुढे मंडईत सामान घेणाऱ्या बायका कमी झाल्या, फोटो काढणारे वाढले. मग दुकान बंद झालं आणि बावन्नाव्या वर्षी ते आमच्याकडे आले, सेगवेवरून पाहुण्यांना शहर दाखवायला. दोन चाकं, मधे उभं राहायची पाटी, पुढे हँडल. पुढे झुकलं की गाडी जाते, मागे झुकलं की थांबते. मी तळघरात ही यंत्रं दुरुस्त करतो.

या यंत्राचा एक नियम आहे. माणूस एकशे सतरा किलोंच्या वर नको आणि पंचेचाळीसच्या आत नको. पाहुणे कागदावर आपलं वजन लिहून देत आणि अर्थातच खोटं लिहीत. देझो बाची कागद बाजूला ठेवून माणसाकडे बघत. डोळे अर्धे मिटलेले, मान डावीकडे कललेली.

"कागदावर काय लिहिलंय?"

"अठ्ठ्याण्णव," एकदा एक बव्हेरियन म्हणाला.

"हां. मग उजवा पाय घरी ठेवून आलात वाटतं. एकशे बारा."

बव्हेरियनची बायको हसून हसून हेल्मेटांच्या फळीवर आदळली. "तेरा म्हणा! नाश्ता झालाय त्यांचा!"

बारीक पोरींना ते हळुवारपणे परत पाठवत. "तू बेचाळीस आहेस, पोरी. यंत्राला माणूस भारानं कळतो. भारच नसला तर मागे कोण झुकलंय ते त्याला समजत नाही. उतारावर ते आपलं जातच राहतं. तीन किलो वाढव आणि पुढच्या वर्षी ये." पोरी रडायच्या. ते खिशातून त्यांना एकेक चॉकलेट द्यायचे. म्हणायचे, "सुरुवात इथून कर."

शहरसुद्धा ते वजनावर सांगत. बॅसिलिकाची मोठी घंटा नऊ टनांहून जड. संसदेच्या आत चाळीस किलो सोनं लावलंय म्हणतात. "चाळीस किलो!" ते हँडलवर रेलून म्हणत. "म्हणजे त्या अख्ख्या राजवाड्याचं सोनं एकत्र करून माझ्याकडे आणलंत तरी मी त्याला सेगवेवर घेणार नाही." हा विनोद आता बंद आहे.

त्यांची बायको पिरोश्का. दुकानात ती मांस कागदात गुंडाळायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. बुटकी, गोल, गालांवर कायम लाली. खुब्याची दोन ऑपरेशनं झाली आणि तिचं चालणं वीस पावलांवर आलं. उभं मात्र राहता यायचं. दर रविवारी सकाळी सात वाजता, पाहुणे यायच्या आधी, देझो बाची तिला सेगवेवरून फिरवून आणत. आमच्या कंपनीच्या मालकीणबाईंची परवानगी होती. तिला पहिल्यांदा पाटीवर चढवलं तेव्हा मी काही शिकवायला गेलो, तर ती म्हणाली, "उभं राहायचं मला शिकवू नकोस रे. तीस वर्षं काउंटरमागे उभी होते."

आठवड्यात तिचं बाहेर पडणं हे एवढंच. संसदेवरून, नदीकाठानं, मार्गारेट पुलाच्या मध्यापर्यंत आणि तिथून उतारानं बेटावर. देझो बाची पुढे, ती मागे. ते सारखे वळून बघत आणि ती ओरडे, "पुढं बघ म्हाताऱ्या, खांबाला धडकशील!" बेटावर कारंज्याजवळ त्यांचं एक बाक होतं. थर्मासमधली कॉफी, खसखशीचा एक रोल, दोघांत अर्धा अर्धा. अलीकडे पिरोश्का नेनी, म्हणजे काकू, आपला अर्धा कबुतरांना घालत. देझो बाची सोमवारी मला सांगत, "हिच्यापायी बेटावरची कबुतरं फुगलीयत. ते राखाडी एक आहे ना, चाळीस देकाच्या खाली नाही."

कबुतराचं वजन त्यांना दिसत होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ते तळघरात आले ते हेल्मेट आपटतच.

"गेर्गो! सात नंबर गेलंय. पिरोश्का उतारावर मागे झुकली, पूर्ण झुकली, आणि हे थांबेना! मी हँडल धरलं म्हणून. दिवसभर इथं बसून करतोस काय तू? कांदे सोलतोस?"

मी सात नंबर खोललं. ही यंत्रं आता कोणी बनवत नाही. मेलेल्या यंत्रांचे भाग काढून जिवंत यंत्रांना लावायचे, असं माझं काम आहे. पाटीखालचे, पायांचा भार ओळखणारे चारही तुकडे मी बदलले. पुढच्या रविवारी त्यांनी चार नंबर नेलं. तेही उतारावर थांबलं नाही. त्याच्या पुढच्या वेळी नऊ नंबर.

"तीन यंत्रं आणि तिघांना एकच रोग," देझो बाची म्हणाले. "आजार यंत्रांना नाही गेर्गो, तुझ्या हातांना आहे."

त्याच दुपारी नऊ नंबरवरून एक धिप्पाड डच माणूस किल्ल्यापर्यंत जाऊन आला. एक शब्द तक्रार नाही. मी स्वतः फिरवून पाहिलं. देझो बाचींनी फिरवलं. घड्याळासारखं चाललं.

"यंत्रात काही नाही, बाची."

"मग कशात आहे?"

त्यांनी विचारलं आणि ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. तोपर्यंत मला खरोखर माहीत नव्हतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रविवारी मी मुद्दाम सातला गेलो. ऊन चांगलं होतं. लोक शर्टावर फिरत होते. पिरोश्का नेनी हिवाळ्याचा जाड कोट घालून आल्या.

"हाताचं चुंबन, नेनी," मी बायकांना करायचा नेहमीचा नमस्कार केला. "आज कोट?"

"नदीवर वारा असतो रे."

देझो बाची थर्मास भरायला वर गेले. मी नेनींना चढायला मदत करत होतो. दंड धरला तर बाहीत दंड सापडेना. कापड दाबत दाबत माझी बोटं हाडापर्यंत गेली. तेवढ्यात कोटाचा खिसा हँडलच्या दांड्यावर आपटला आणि लोखंडावर लोखंडाचा आवाज झाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायचा कंटाळा आलेला होता त्यांच्या चेहऱ्यावर.

"दुकानातली वजनं आहेत," त्या म्हणाल्या. "दोन दोन किलोंची दोन, एक किलोचं एक. पाच होतात. तरी पंचेचाळीस होत नाही. आणखी घेतली तर कंबर वाकते."

मी त्यांचा दंड धरूनच उभा राहिलो.

"त्याचा तो नियम मला पाठ आहे रे. झोपेतसुद्धा बोलतो तो."

"नेनी, त्यांना सांगा."

"काय सांगू? मंडईतल्या माणसाला काय सांगू, की तुझ्या बायकोचे वीस किलो गेले आणि तुला दिसले नाहीत?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सांगेन. नोव्हेंबरातला मृतांचा दिवस होऊ दे, आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावू दे, मग सांगेन. कळलं की तो मला उचलून दवाखान्यात नेईल. ते मला आडवं करतील आणि मग मी उठायची नाही. मला अजून चार रविवार उभं राहू दे, गेर्गो."

देझो बाची जिना उतरत होते.

"कसली कुजबुज चाललीय?"

"तुझ्याहून देखणा आहे हा, तेच सांगत होते."

"दिसतंय. मग देखण्या, आज तरी धड यंत्र दे."

मी दिलं. त्या यंत्राचा वेग सगळ्यांत कमी करून दिला. एवढंच केलं मी. तोंड उघडलं नाही. हे लिहून ठेवतो, कारण दुसरं कोणी लिहिणार नाही.

तो रविवार गेला आणि त्याच्या पुढचाही गेला. तिसऱ्या रविवारी मला घरी बसवेना. मी दोन नंबर काढलं आणि लांबून त्यांच्या मागे गेलो. पुलावरून बेटाच्या उतारावर चेस्टनटची ओली पानं पडली होती. पिरोश्का नेनी मागे झुकल्या. मला पाठमोऱ्या दिसत होत्या, कोटाचं ओझं घेऊन आकाशाकडे बघितल्यासारख्या झुकलेल्या. यंत्र जातच राहिलं. देझो बाची वळले, आपलं यंत्र सोडून दिलं आणि त्यांनी तिला कमरेला धरून पाटीवरून उचललं. रिकामं यंत्र गवतात जाऊन आडवं झालं.

ते तिला हातांवर घेऊन उभे होते. आधी ते हसत होते, घाबरल्यावर माणूस हसतो तसं. मग त्यांची मान डावीकडे कलली. डोळे अर्धे मिटले. त्यांनी हातांना काही विचारलं नव्हतं. हातांनी आपलं आपण सांगितलं.

"बेचाळीस," ते म्हणाले.

आणि मग पुन्हा, "बेचाळीस?"

"खाली ठेव रे म्हाताऱ्या. लोक बघतायत."

तिथं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी तिला बाकावर ठेवलं, तेव्हा बाकाच्या फळीवर खिसा वाजला. त्यांनी खिशात हात घातला. दोन किलोंचं एक वजन काढलं, मग दुसरं, मग एक किलोचं. काउंटरवर मांडायचे तशी त्यांनी ती मोठ्याकडून लहानाकडे ओळीनं मांडली. एक किलोच्या वजनाभोवती एक कागद गुंडाळलेला होता. आमच्या विभागाच्या डॉक्टरांची, मोठ्या दवाखान्यात जाऊन पोट तपासून घ्या म्हणून दिलेली चिठ्ठी. तारीख जूनची. घड्या तशाच होत्या.

देझो बाचींनी ती दोनदा वाचली. वजनांकडे पाहिलं. ओठ हलले.

"सदतीस."

"साडेसदतीस," ती म्हणाली. "सकाळी रोल खाल्लाय मी."

"खोटं. रोल कबुतरं खातात."

ती हसली. त्यांनी तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं, आणि ती त्यांच्या हेल्मेटवरून हात फिरवत राहिली, जणू खाली केसच आहेत.

त्या दोघांना दवाखान्यात मी गाडी चालवत नेलं. डॉक्टर तरुण होती, घाईत होती. तिनं देझो बाचींनाच विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

ते बोलायला गेले आणि तोंड उघडंच राहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना वजनाच्या प्रश्नावर गप्प झालेलं पाहिलं नव्हतं.

"वसंतापासून," पिरोश्का नेनी म्हणाल्या. "यांचा काही दोष नाही. मी खूप स्वेटर घालायची."

जिन्यात देझो बाचींनी मला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दोन आठवडे झाले."

त्यांनी मान हलवली. आणि ते पायऱ्या उतरू लागले. कांद्यांवरून, हातांवरून चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचा आजन्म ऋणी राहिलो असतो.

मृतांच्या दिवशी तिच्या आईच्या थडग्यावर मेणबत्ती देझो बाचींनी लावली. नेनी आडव्याच होत्या. म्हणाल्या होत्या तसंच झालं, त्या परत उठल्या नाहीत. एकदा मी भेटायला गेलो तर मला जवळ बोलावून म्हणाल्या, "चार मागितले होते, अडीच दिलेस." डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गेल्या.

जानेवारीत अस्थींचा कलश भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचा होता. बर्फ पडून कडक झालं होतं. आम्ही पाच-सहाजण होतो. स्मशानातला काळ्या टोपीचा माणूस कलश घेऊन आला. कोनाड्यापर्यंत तोच नेतो, तशी रीत आहे. देझो बाची पुढे झाले.

"आणा इकडे."

त्यांनी कलश दोन्ही हातांत घेतला. मी त्यांच्या शेजारी होतो. मान डावीकडे कलताना मला दिसली आणि मी मनात म्हणालो, नको, बाची, आज नको.

"तीन किलो वीस देका," ते हळूच म्हणाले. मग त्या माणसाकडे बघून, "यात भांडं किती?"

"काय म्हणालात?"

"नुसतं भांडं. रिकामं. त्याचं वजन किती?"

त्या माणसाला असं कोणी कधी विचारलं नसावं. तो टोपीला हात लावून म्हणाला, "ठाऊक नाही, साहेब. आत ठेवायचं ना?"

देझो बाची हलले नाहीत. "माझ्या दुकानात कागदाचं वजन मी कधी गिऱ्हाइकाच्या माथी मारलं नाही," ते म्हणाले. "भांडं किती आहे, गेर्गो?"

सगळे थांबले होते. कोनाडा उघडा होता आणि आत थोडा बर्फ उडून बसला होता. त्यांची बोटं थंडीनं पांढरी पडली होती, पण ते कलश सोडायला तयार नव्हते. माझ्याकडे बघत होते, त्या दिवशी तळघरात 'मग कशात आहे' म्हणून विचारून बघत राहिले होते तसे.

"एक किलो दहा देका," मी म्हणालो.

तसं भांडं मी आयुष्यात कधी हातात धरलं नव्हतं.

देझो बाचींचे ओठ हलले. वजाबाकी झाली. आणि मग त्यांनी तिला पुढे दिलं.