एका नावाचे दोन संगणक

त्या मुलीने तीन दिवस ठाण्याच्या बाकावर काढले, ते मला अजून विसरता आलेले नाहीत. लोक विसरले असतील. पण तपास माझा होता.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. जालना जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. खबऱ्याने सांगितले की गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये बनावट गुणपत्रिका छापून मिळतात. पंच घेऊन आम्ही छापा घातला. क्लासमध्ये दोन संगणक होते, एकाच बनावटीचे, एक जुना आणि एक चार महिन्यांपूर्वी घेतलेला. संगणकाची थोडी माहिती असलेला एक शिपाई सोबत होता. त्याला जुन्यात काही सापडले नाही. नव्यात कोऱ्या गुणपत्रिकेची फाइल निघाली.

जुन्या संगणकावर फक्त मालक बसायचा, नव्यावर शिकवणारी मुलगी. टेंभुर्णीकडची, वीस-एकवीस वर्षांची. क्लासच्या मालकाने लगेच हात वर केले. म्हणाला, त्या मशीनला मी हातसुद्धा लावत नाही.

महिला शिपायाला बसवून मी चौकशी सुरू केली. मुलगी रडली नाही. फाइल आपल्या मशीनवर आहे हे तिने मान्य केले. मग म्हणाली, "साहेब, दोन्ही मशीनचं नाव एकच हाय. वायरनं जोडल्या की तेच नाव दोनदा आलंय म्हणून स्क्रीनवर पाटी येती. असं का होतं, ते इचारा ना कुणाला तरी."

मी म्हणालो, "मशीनचं बारसं कुणी केलं, आत्याबाईनं?"

हवालदार हसले. महिला शिपाईही हसली. मुलीने मान खाली घातली आणि पुढे फक्त विचारले तेवढेच बोलली.

संध्याकाळी घरी सोडायचे आणि सकाळी पुन्हा बोलवायचे, असे तीन दिवस चालले. ती वडिलांबरोबर एसटीने यायची. वडील बाहेर लिंबाखाली बसून राहायचे. मी आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी उठून उभे राहायचे. काही विचारायचे नाहीत.

चौथ्या दिवशी जालन्याहून नवा संगणक बसवून देणाऱ्या कारागिराला जबाबासाठी बोलावले. मी त्याला फक्त बिलाची तारीख विचारली होती. बोलता बोलता तो म्हणाला, "दोन्ही मशीन बराबर सारख्या होत्या साहेब. मंग मराठी फॉन्ट, प्रिंटर, सगळं नव्यानं कशाला टाकायचं? जुनीतलं होतं तसंच नवीत उतरवलं. नाव बी तेच आलं, बदलायचं राहून गेलं."

मी फाइलची तारीख पुन्हा काढायला लावली. फाइल नवा संगणक विकत घेण्याच्या दोन महिने आधीची होती. ती जुन्या संगणकात तयार झाली आणि नकलेबरोबर नव्यात आली. छाप्याची कुणकुण लागताच मालकाने जुन्यातली फाइल पुसली, नव्यातली त्याच्या ध्यानातच आली नाही. हे समोर ठेवल्यावर त्याने कबुली दिली.

इथपर्यंतचे मी पुष्कळदा सांगितले आहे. पुढचे सांगितलेले नाही.

मुलीने खुलासा पहिल्याच दिवशी केला होता, असे लिहिले असते तर वरिष्ठांनी मला विचारले असते की तीन दिवस काय केलेत. म्हणून मी कागदावर लिहिले, 'पुराव्याअभावी आरोपी केले नाही.' दोन वर्षांनी तिची सरकारी नोकरीसाठी निवड झाली. चारित्र्य पडताळणीचा कागद ठाण्यात आला तेव्हा कारकुनाने तेच शब्द उतरवून पाठवले. नोकरी गेली. माझी तोवर बदली झाली होती. हे मला एका हवालदाराकडून कळले, आणि कळूनही मी काही केले नाही.

मागच्या वर्षी पत्ता काढून तिच्या घरी गेलो. तिने ओळखले, चहा केला. मी माफी मागितली. ती बराच वेळ बशी पुसत राहिली.

"मला म्हाईत होतं, मी केलं न्हाई," ती म्हणाली. "बाबाला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ते वाट पाहू पाहू गेले. आई हाय अजून. लिहून द्या साहेब, तिला वाचून दाखवीन."

त्या प्रकरणाने मला शिकवले ते इतकेच, की पुरावा न सापडणे आणि माणूस निर्दोष असणे यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर तपास अधिकाऱ्याच्या एका वाक्यात असते. ते वाक्य आज लिहितो. आई, तुमच्या मुलीचा त्या गुन्ह्याशी काहीही संबंध नव्हता. ती खरे बोलत होती. मी ऐकले नाही.