चिंध्यांचा माग

तांडापेठेतल्या शालिकराम निनावेच्या घरी माग पुन्हा लागला, तो चिंध्यांवर. त्याचे वडील त्याच मागावर रेशीमकाठी धोतरं विणायचे. पुढे हातमागाच्या कापडाला कोणी विचारेना, तेव्हा माग खोलून माळ्यावर गेला आणि शालिकराम गिरणीत. मग गिरणीही बंद पडली. केस पिकायला लागले तेव्हा तो मनीषनगरच्या एका फ्लॅट स्कीमवर वॉचमन होता.

तिथे रोज सकाळी कचरागाडी यायची. भाजीच्या देठांत आणि चहाच्या चोथ्यात माखलेल्या चांगल्या चांगल्या सुती साड्या, चादरी, पडदे त्या गाडीत पडायचे. ज्याचा जन्म सुतात गेला त्याला ते बघवेना. एक दिवस त्याने गाडीवाल्याच्या हातातून एक पिशवी मागून घेतली आणि सायकलला अडकवून घरी आणली. तुळजाबाईने आधी नाक मुरडलं. मग कपडे धुतले, गच्चीवर वाळत टाकले आणि नवऱ्याला म्हणाली, "काहून जी, याची अंथरायची दरी नाही होत का?"

झाली. माग माळ्यावरून उतरला. जुन्या कापडाच्या पट्ट्या फाडायच्या, टोकाला टोक शिवून त्यांचे गोळे करायचे आणि ते ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, भरत जायचं. नवं सूत लागायचं ते फक्त ताण्यापुरतं. रंग तर साड्यांचाच आयता यायचा. लहानपणी घरापुढची नाली रंगाच्या पाण्याने कधी लाल, कधी हिरवी वाहायची, तसलं काही आता नव्हतं. स्कीममधल्या बायका कापड वेगळं काढून ठेवू लागल्या. एकीने आईच्या साड्या आणून दिल्या आणि दरी घरी नेताना तिच्यावरून हात फिरवत राहिली. जे कापड कचऱ्याच्या ढिगावर धुमसत पडलं असतं, ते आता लोकांच्या पलंगावर आणि देवघरापुढे अंथरलं जात होतं. या कामाच्या जोरावर शालिकरामने वॉचमनकी सोडली. मुलीचं, धनश्रीचं, लॅबचं शिक्षण याच मागावर झालं. गल्लीतल्या काही बायकांना घरबसल्या काम मिळालं. त्यात पहिली होती यमुताई. तिचा नवरा शालिकरामबरोबर गिरणीत होता, तो गेल्यापासून ती एकटीच राहायची. तिने शिवलेला जोड दरीत बोटाला लागत नसे.

एवढं असून शालिकरामला या कामाची लाज वाटायची. एका नातेवाइकाच्या बारशाला तो मांडवात शिरला, तसा चुलतभाऊ भर पंगतीत ओरडला होता, "या, चिंधीशेठ!" लोक हसले. शालिकरामही हसला, पण न जेवताच परतला. तेव्हापासून कोणी विचारलं की तो म्हणायचा, "कापडाचं काम आहे आपलं," आणि विषय बदलायचा.

धनश्रीला खापरखेड्याचं स्थळ आलं. मुलगा प्रज्वल तिच्याच लॅबच्या दुसऱ्या शाखेत होता, दोघांचं आधीच जमलेलं होतं. त्याचे वडील वीज केंद्रातून निवृत्त झालेले. मंडळी रविवारी घर बघायला येणार म्हटल्यावर शालिकरामने मागाच्या खोलीला कुलूप लावलं. कापडाचे गठ्ठे शेजाऱ्याकडे हलवले. बायकांना म्हणाला, "दोन दिवस काम बंद." यमुताई तेव्हा भिवापूरला बहिणीकडे गेली होती. तिला निरोप द्यायचं कोणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

"माग काहून लपवून राहिले जी तुम्ही?" तुळजाबाईने विचारलं.

"तू गप राय वं. पोरीच्या लग्नाचं काम आहे."

रविवारी पाहुणे आले. समोसे झाले, चहा झाला. प्रज्वलची आई पुन्हा पुन्हा कुलपाच्या दाराकडे बघत होती. "तुमचं कापडाचं काम म्हणजे दुकान आहे का कुठं?" तिने विचारलं.

"होलसेल आहे," शालिकराम म्हणाला.

तेवढ्यात यमुताई दारात आली. डोक्यावर गोळ्यांचं गाठोडं, चेहऱ्यावर घाम. सवयीप्रमाणे तिने एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला आणि पाहुणे दिसताच थबकली.

"कोण जी या?" प्रज्वलच्या आईने विचारलं.

शालिकरामच्या तोंडून शब्द सटकन निघाले. "कोणी नाही. अशाच येत असतात जुनं-पुरानं मागायले."

तुळजाबाईने हातातली कपबशी खाली ठेवली. धनश्रीने वडिलांकडे पाहिलं. यमुताईने पाय मागे घेतला.

"असन एखादं जुनं लुगडं तर द्या भाऊ," ती खालच्या आवाजात म्हणाली. "नसन तर राहू द्या. मी नंतर येतो."

आणि ती गाठोडं सावरत गेली. शालिकरामची अब्रू तिने राखली होती. त्याला मात्र जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पाहुणे पुढे काय बोलले, त्याला धड ऐकूही आलं नाही.

मंडळी गेल्यावर धनश्री एवढंच म्हणाली, "माझ्या फीच्या वेळी याच मावशीनं रात्रंदिवस गोळे करून दिले होते बाबा." तिने कपबशा उचलल्या आणि आत गेली. ती ओरडली असती तर शालिकरामला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो यमुताईच्या घरी गेला. ती अंगणात गोळे गुंडाळत बसली होती. तिने पाट दिला, पाणी दिलं. शालिकराम पाट सोडून भुईवरच टेकला.

"यमुताई, चुकलं माझं."

"तुमची पोरगी आहे, मी समजली. मी काही बोलली का?"

"नाही बोलली, म्हणून तर…"

"पण एक सांगू का भाऊ?" तिचे हात चालूच होते. "तुम्ही विचार करून बोलले असते तर मले एवढं लागलं नसतं. ते तुमच्या तोंडात तयारच होतं."

त्याने मान खाली घातली. तो पंगतीत ज्यांच्यावर मनातून चिडला होता, त्यांचंच बोलणं त्याने उचलून तिच्या अंगावर टाकलं होतं. आणि ती तर त्याच्याच कामाचं ओझं डोक्यावर घेऊन आली होती.

त्याच आठवड्यात तो बसने खापरखेड्याला गेला. प्रज्वलच्या वडिलांसमोर बसून त्याने सगळं सांगितलं. होलसेल नाही, दुकान नाही, लोकांनी टाकून दिलेल्या कापडाच्या दऱ्या विणतो, आणि ती बाई मागायला आलेली नव्हती.

"आम्हाले माहीत होतं जी," प्रज्वलचे वडील म्हणाले. "प्रज्वलनं केव्हाच सांगितलं. आमचाही आजा मागावरच होता. माग पाहायला मिळन म्हणून तर आम्ही आलो होतो. तुम्ही कुलूप लावून बसले."

शालिकरामचे कान तापले. ज्यासाठी एवढं केलं, त्याची गरजच नव्हती. प्रज्वलची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "गाठोड्यातून पट्ट्या लोंबून राहिल्या होत्या. ही तुमच्याच कामाची बाई आहे, मले तेव्हाच समजलं. मी म्हटलं, आता हा माणूस सांगन. आता सांगन." आणि ती चहा ठेवायला आत गेली.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मुलामुलीचं मन जुळलेलं होतं, त्याला कोणाची आडकाठी नव्हती. यमुताईला आमंत्रण द्यायला तुळजाबाई आणि धनश्री गेल्या, आणि ती आली. मांडवात शालिकराम तिला हाताला धरून विहिणीपाशी घेऊन गेला. "ह्या यमुताई," तो म्हणू लागला.

"ओळख झाली आहे आमची, त्याच दिवशी," यमुताई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. विहिणीने तिला शेजारी जागा करून दिली आणि दोघी भिवापूरच्या मिरचीबद्दल बोलत बसल्या. शालिकराम पुढची पंगत बसली का बघायला म्हणून तिथून हलला, पण गेला तो मांडवामागे.

आता मागाची खोली सदा उघडी असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला शालिकराम स्वतः आत नेतो, कुठली पट्टी कुठल्या घरच्या चादरीची ते दाखवतो. चुलतभाऊही एकदा येऊन सुनेसाठी दरी घेऊन गेला. यमुताई पूर्वीसारखेच गोळे करते, त्यात खोट काढायला जागा नसते. फक्त ती आता आत येत नाही. गाठोडं उंबऱ्यावर ठेवते, तुळजाबाईला हाक देते आणि चहा उभ्याउभ्याच पिते. "आत या ना ताई," असं शालिकराम मागावरून म्हणतो. ती म्हणते, "बसा भाऊ, तुमचं काम चालू द्या." मग तो विणायचा धोटा उचलतो, पण ती गल्लीच्या वळणाआड होईपर्यंत त्याचा हात काही चालत नाही.